'ताबुला रासा': आर्वो पेर्त यांची सीडी, शेवटच्या शांततेसकट ऐकावी अशी

ही सीडी ईसीएम कंपनीने १९८४ साली काढली. तिची 'न्यू सीरीज' ही मालिका याच मुद्रणाने सुरू झाली आणि एस्टोनियाचे आर्वो पेर्त हे नाव पश्चिम युरोपभर पोचलं तेही मुख्यतः हिच्यामुळे. चार रचना आहेत, मिळून तासाभराच्या आत. मुखपृष्ठावर चित्र नाही, नुसती अक्षरं. मला ते आवडतं.

मी आकाशवाणीत बरीच वर्षं ध्वनिमुद्रणाच्या टेबलाशी काढली आहेत. पेर्तही १९५८ ते १९६७ एस्टोनियन रेडिओवर ध्वनिमुद्रकच होते, आणि ते या संगीतात मला पदोपदी ऐकू येतं. स्वर लागतो कसा याच्याइतकंच तो विरतो कसा याकडे या माणसाचं लक्ष आहे. म्हणून पहिलं सांगणं हेच, की फोनच्या स्पीकरवर दोन मिनिटं ऐकून मत बनवू नका. यातली 'कान्तुस' ही रचना जवळजवळ न ऐकू येण्याइतक्या हळू सुरू होते. पंखा बंद करा, आवाज नेहमीपेक्षा थोडा वर ठेवा.

'कान्तुस' पाचेक मिनिटांचं आहे. इंग्लंडचे संगीतकार बेंजामिन ब्रिटन १९७६च्या डिसेंबरात गेले, त्यांच्या स्मरणार्थ ते लिहिलं. साहित्य किती थोडं! तंतुवाद्यं आणि एक घंटा. सगळी तंतुवाद्यं ए मायनर या पाश्चात्त्य स्वरसप्तकाचा अवरोहच वाजवतात, पण वेगवेगळ्या लयीत. व्हायोलिन सर्वांत जलद, त्याखालची प्रत्येक ओळ वरच्या ओळीच्या निम्म्या लयीत, आणि सर्वांत खर्जातलं तंतुवाद्य डबल बास इतका संथ की एकेक स्वर संपता संपत नाही. आपल्याकडे दुगुण-चौगुण कानात बसलेली असते, त्यामुळे ही वीण चटकन उमगते. वाद्यवृंद चढत चढत भिंतीसारखा उभा राहतो आणि एकदम थांबतो. मग कळतं की त्या कल्लोळात घंटा कधीतरी वाजली होती. तिची आस, म्हणजे घुमत राहणारा नाद, तेवढी मागे राहते. मुद्रण करणाऱ्यांनी ती शेवटपर्यंत विरू दिली आहे, मध्येच आवाज खाली ओढलेला नाही. माझ्या मते या सीडीतली ही सर्वांत मोलाची जागा.

या साधेपणापर्यंत पेर्त सहज आलेले नाहीत. १९३५ साली पाइदे गावात जन्म, बालपण राक्वेरेत, ताल्लिनच्या संगीतशाळेत हाइनो एलर यांच्याकडे शिक्षण. १९६०च्या 'नेक्रोलोग'मध्ये त्यांनी बारा स्वरांची आधुनिक पद्धत वापरली, सोव्हिएत अधिकाऱ्यांना ती खटकली. १९६८ साली 'क्रेडो' वाजलं. त्यात ख्रिस्तावरच्या श्रद्धेचा उघड उच्चार होता, आणि मग पेर्तच्या संगीतावर अघोषित बंदीच आली. पुढची आठ वर्षं त्यांनी फार थोडं लिहिलं. जुनं ग्रेगोरियन गायन, मध्ययुगीन चर्चसंगीत यांचा अभ्यास केला. १९७६ साली पियानोसाठी 'फ्यूर अलीना' ही छोटी रचना आली आणि तिच्यात नवी वाट सापडली. एक ओळ सप्तकात शेजारच्या स्वरावरून शेजारच्या स्वरावर चालते. दुसरी फक्त त्रिस्वरीच्या, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या मूळ स्वरसंगतीच्या, तीन स्वरांवर राहते. या पद्धतीला ते टिन्टिनाबुली म्हणतात. या सीडीतल्या रचना मुळात त्यानंतरच्या वर्षभरातल्या, म्हणून ताज्या आहेत. १९८०मध्ये पेर्त कुटुंबाला देश सोडावा लागला. आधी व्हिएन्ना, मग बर्लिन.

'फ्रात्रेस' दोनदा आहे. गिडॉन क्रेमर यांचं व्हायोलिन आणि कीथ जॅरेट यांचा पियानो असलेलं रूप धारदार आहे. बर्लिन फिलहार्मोनिकच्या बारा चेलोंचं रूप एकसंध, घुमारदार. एकाच सीडीत एकच रचना दोनदा कशाला, असं वाटणाऱ्यांनी दोन्ही एकापाठोपाठ ऐकावीत. सांगाडा तोच, रंग किती बदलतो ते पाहा. मला चेलो जवळचे वाटतात.

शीर्षकाची रचना शेवटी येते, सुमारे २६ मिनिटांची. हे १९७७चं, बॉनमधल्या मैफलीचं मुद्रण. क्रेमर आणि तात्याना ग्रिंदेंको यांची व्हायोलिनं, सोंदेत्स्किस यांचा लिथुआनियन चेंबर ऑर्केस्ट्रा, आणि तारांमध्ये वस्तू अडकवून तयार केलेल्या पियानोवर चक्क आल्फ्रेड श्नित्के, स्वतः मोठे संगीतकार! स्टुडिओसारखी सफाई इथे नाही, सभागृहाची खसखस ऐकू येते. काहींना ती खुपेल. मला ती हवीशी वाटते, कारण वाजवणाऱ्यांचा ताण तिच्यातूनच पोचतो. पुढे अधिक स्वच्छ मुद्रणं झाली, तरी मी हेच लावते.

दुसऱ्या भागात, 'सिलेन्तियुम'मध्ये, पियानोवर डी मायनरची स्वरसंगती एकेक स्वर सुटा करून घंटेसारखी पुन्हा पुन्हा येते. शेवटी एकेक वाद्य थांबत जातं आणि डबल बास एकटाच अवरोह करत खाली येतो... आणि ऋषभावर थांबतो. षड्ज लागतच नाही. त्यापुढचे काही मात्रांचे विरामही पेर्तनी लिहूनच ठेवले आहेत. आपल्या कानाला ते अर्धवट सोडलेलं वाटेल, तरी तेवढ्यात उठून प्लेअर बंद करू नका. तो षड्ज मनात आपणच लावतो.

माझी प्रत ऑनलाइन दुकानातून आली, डबीला तडा गेलेला. चकती धड होती म्हणून ठेवून घेतली, पण आल्याबरोबर उघडून तपासा. स्वरलेखन वाचणाऱ्यांसाठी २०१०ची पुस्तकासह आवृत्ती आहे, मिळाली तर तीच घ्या. ही आवडली तर पुढे 'अलीना' घ्या. त्यात पियानो जास्त आहे आणि ती रात्री उशिरा ऐकायला बरी.