उजव्या गुडघ्याचं टीकेआर (सांधा बदलण्याचं ऑपरेशन), आठ महिन्यांनंतर

ऑपरेशनच्या आधी ज्यांना ज्यांना विचारलं त्यांनी हॉस्पिटलमधल्या चार दिवसांचंच सांगितलं, पुढचं कुणी बोलत नाही, म्हणून मुद्दाम थांबून आता लिहितेय. वय ६७, ठाण्यात नौपाड्यात तिसरा मजला, लिफ्ट नाही.

ते झोपेतून उठवणारं, हाडात ठणकणारं दुखणं गेलं, अगदी लगेच गेलं. पण सूज आणि कडकपणा जायला तीनेक महिने लागले आणि गुडघा अजून संध्याकाळी थोडा गरम लागतो, डॉक्टर म्हणाले वर्षभर सुधारणा होत राहते. टाक्यांच्या बाहेरच्या बाजूला तळहाताएवढी जागा बधिर आहे, आंघोळीचं गरम पाणी तिथे पडलेलं कळतच नाही. कातडीची बारीक नस कापली जाते म्हणे, बऱ्याच जणांना होतं, त्यामुळे घाबरू नका.

लोक विचारतात गुडघा किती वाकतो? माझा ११५ अंशांपर्यंत जातो. पण आमची फिजिओ सरळ होण्यावरच अडून बसली होती आणि तिचं शंभर टक्के बरोबर होतं. गुडघ्याखाली उशी घेतली की इतकं बरं वाटतं, पण घ्यायची नाही म्हणजे नाही, टॉवेलची गुंडाळी टाचेखाली ठेवायची आणि मांडी आवळून गुडघा खाली गादीकडे दाबायचा, डोळ्यांत पाणी येतं, तरी करायचा. गुडघा जरासा वाकलेला राहिला तरी लंगड राहते आणि चालताना मांडी लगेच थकते. हॉस्पिटलच्या पॅकेजमध्ये घरचा फिजिओ नव्हता आणि हे डिस्चार्जच्या दिवशी कळलं, याचा मला अजून राग आहे. इम्प्लांटच्या, म्हणजे आत बसवतात त्या कृत्रिम सांध्याच्या, किमतीवर २०१७ पासून सरकारी मर्यादा आहे (नेहमीच्या कोबाल्ट क्रोम धातूच्या सांध्याला तेव्हा ५४,७२० रुपये अधिक जीएसटी), बाकीच्या बिलावर नाही, तेव्हा फिजिओचं आधीच विचारून घ्या.

सगळीकडच्या पाहण्यांत साधारण पाचातला एक पेशंट नंतर समाधानी नसतो. माझ्या जाऊबाई त्यातल्याच, एक्स-रे एकदम छान, पण त्यांना पाटावर मांडी घालून पूजेला बसायचं होतं आणि ते होणार नाही हे कुणी स्पष्ट सांगितलंच नाही त्यांना. ऑक्सफर्ड नी स्कोअर म्हणून १२ प्रश्नांचा फॉर्म असतो, ४८ पैकी मार्क, त्यात हेच विचारतात, अंग पुसता येतं का, बाजारहाट होते का, जिना उतरता येतो का, गुडघे टेकून परत उठता येतं का. माझे आधी १६ होते, आता ३९. गुडघे टेकायला मात्र अजून जमत नाही. गावदेवी मार्केटमधून भाजी मी स्वतः आणते, जिना कठडा धरून एकेक पायरी पाय बदलत चढते, तलावपाळीला तळ्याभोवती एक फेरी न थांबता होते. मला एवढंच हवं होतं आणि ते मी सर्जनना आधीच सांगितलं होतं.

डावा गुडघा दिवाळीनंतर करायचाय, मांडीचे व्यायाम आत्तापासूनच सुरू केलेत.