कोलकात्याची क्रूझ बुक करताय? आमचे 28,386 रुपये कसे गेले ते आधी वाचा

आकडे आधी सांगते. 9,293, मग 4,900, मग 14,193. एकूण 28,386 रुपये. दिवाळीच्या सुट्टीत नागपूरहून कोलकात्याला गेलो, हुगळीवरची क्रूझ बुक केली आणि घाटावर गेल्यावर कळलं की अशी क्रूझच नाही. घरात अजून कोणी हा विषय काढत नाही. नवऱ्याने तर बजावलंय, "चारचौघांत सांगू नको, लोक हसतील." हसू द्या. ती जाहिरात अजून सुरू आहे आणि नाताळच्या सुट्टीत आपल्या इकडची कितीतरी कुटुंबं तिकडे निघतील, म्हणून लिहिते आहे.

क्रूझ आम्ही हौसेखातर घेतली नव्हती. सासूबाई धंतोलीच्या रामकृष्ण मठात वर्षानुवर्षं जातात. रामकृष्ण मठाचं मुख्य ठिकाण असलेला बेलूर मठ आणि दक्षिणेश्वरचं कालीमंदिर नदीतून पाहायचं, एवढी एकच इच्छा त्यांनी बोलून दाखवली होती. गुडघे दुखतात, जिने चढवत नाहीत. एकाच बोटीत बसून सगळं होणार असेल तर चार पैसे जास्त गेले तरी हरकत नाही, असं आम्ही ठरवलं. पोरांचं तर विचारूच नका. नाग नदीच्या पुलावरून जाताना नाक दाबणारी ही पोरं, मोठ्या नदीत बोटीत बसायचं म्हणून आठवडाभर नाचत होती. अमरावतीहून नणंद आणि तिचे यजमान येणार होते. असे आम्ही सात जण.

मी काही डोळे मिटून बुकिंग केलं नाही. सरकारी लाँच या घाटावरून त्या घाटावर सोडते हे वाचलं होतं. संध्याकाळच्या गाण्याबजावण्याच्या बोटी सासूबाईंच्या कामाच्या नव्हत्या. आणि ही एक, शोधलं की सगळ्यात वर येणारी. सकाळी 11 ला मिलेनियम पार्कच्या जेट्टीवरून सुटणार, 1 वाजता बेलूर मठ, 2 वाजता दक्षिणेश्वर, बोटीवर शाकाहारी जेवण, 5 वाजता प्रिन्सेप घाटासमोर सूर्यास्त. मोठ्यांना 1,499, मुलांना 899. फार स्वस्त असती तर संशय आला असता. व्हॉट्सॲपवर विचारलं तर पाचव्या मिनिटाला उत्तर, "मॅडम, माताजी के लिए व्हीलचेअर फ्री है." त्या एका वाक्यावर मी विकली गेले. 5 मोठे, 2 मुलं, 9,293 रुपये.

आता जे सांगते ते माझ्या डोक्यातून जात नाही. तिकिटाची पीडीएफ आली तेव्हा मी सासूबाईंना वेळापत्रक वाचून दाखवलं. त्या लगेच म्हणाल्या, "अगं, एक वाजता मठ बंद असतो ना? साडेअकरालाच बंद होतो, मग दुपार टळल्यावर उघडतो. दक्षिणेश्वरही दुपारचं बंद असतं." मी काय म्हणावं? "आई, क्रूझवाल्यांची वेगळी सोय असेल." वेगळी सोय! देवळाची दारं यांच्यासाठी कोण उघडणार होतं? रोज प्रवासी नेणाऱ्या माणसाला मठाची वेळ माहीत नसेल, हे शक्य तरी आहे का? सगळं त्या एका ओळीत होतं. सत्तरी ओलांडलेल्या बाईने ते पकडलं आणि आम्ही चार शिकलेल्या माणसांनी सोडून दिलं. कुठल्याही टूरचं वेळापत्रक हातात आलं की त्यातल्या प्रत्येक ठिकाणाची उघडण्या-बंद होण्याची वेळ वेगळी तपासा. खोटं वेळापत्रक लिहिणारा एवढे कष्ट घेत नाही.

पैसे पाठवताना पिन टाकायच्या आधी समोर नाव येतं ना, तिथे मोबाईल ॲक्सेसरीजच्या दुकानाचं नाव होतं. व्हॉट्सॲपवरच्या माणसाला विचारलं तर म्हणाला, आमच्या अकाउंटंटचं आहे, जीएसटीचं काम सुरू आहे. व्यवसायाच्या नावाने खातं नसेल तर एक रुपयाही पाठवू नका, कारण काहीही सांगू दे.

4,900 गेले ते आदल्या रात्री. लाइफ जॅकेटचं डिपॉझिट, माणशी 700, उतरताना परत मिळणार म्हणून. गीतांजली एक्स्प्रेसने हावड्याला दुपारी उतरलो होतो, हॉटेल मिळेपर्यंत सगळे थकलेले, सकाळी जेट्टीवर रांग लागते म्हणाला, देऊन टाकले.

दुसऱ्या दिवशी साडेदहाला मिलेनियम पार्कशी पोचलो. छठपूजा तोंडावर होती. घाटाघाटांवर ऊस, सुपं, टोपल्या घेऊन लोक जागा धरत होते, पोलीस दोर बांधत होते. आमच्या नावाची बोट कुठेच नाही. फोन लावला तर हा एकदम नम्र. म्हणाला, छठची गर्दी आणि मोठी भरती, दोन्हीमुळे पोलिसांनी क्रूझ बंद केली, आत्ताच्या आत्ता पूर्ण पैसे परत करतो. हुगळीला कोलकात्यापर्यंत भरती येते हे खरं आहे. पोलीस समोर उभे होते हेही खरं. हे लोक खऱ्याच्या पोटात खोटं घालून देतात, त्यामुळे माणूस पकडू शकत नाही. क्यूआर पाठवला, 14,193 आकडा आधीच भरलेला, म्हणजे आमचीच दोन्ही रकमांची अचूक बेरीज. "स्कॅन करके पिन डालिए, रिफंड आ जाएगा."

पैसे घ्यायला पिन लागत नाही, हे मला ठाऊक आहे. स्वतः माझ्या आईला मी ते शिकवलं आहे. पण सासूबाई उन्हात उभ्या, धाकटा पाणी मागतोय, हा फोन ठेवू देत नाहीये, "मॅडम, लिंक दो मिनट में एक्सपायर होगा" असं सारखं घोकतोय. आणि त्याच वेळी, माझ्या डोळ्यांसमोर, शेजारच्या फेअर्ली घाटावरून हावड्याकडे जाणारी सरकारी लाँच माणसांनी गच्च भरून निघाली. नदी बंद आहे म्हणणारा कानाशी आणि चालू बोट डोळ्यांसमोर. मी विचारलंसुद्धा! तो म्हणाला, छोट्या लाँचला परवानगी आहे, मोठ्या क्रूझला नाही. मी पिन टाकला. खात्यातून 14,193 गेल्याचा मेसेज आला आणि फोन बंद.

नणंदेचे यजमान तेवढं म्हणाले, "वहिनी, आधी 1930 लावा." सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा सरकारी नंबर तो. तेच बरोबर होतं. पण नवरा म्हणाला, जवळच ठाणं आहे, पोलिसांसमोरच उभं राहू. तिथे गेला अख्खा दुपारचा वेळ. बाकावर बसवून ठेवलं आणि शेवटी सांगितलं, तुमचं खातं नागपूरचं, तक्रार तिकडे करा. 1930 ला फोन हॉटेलवर परतल्यावर झाला. तोवर पैसे तीन खाती फिरून गेले होते. फसल्याचं कळलं की जागेवरूनच 1930 लावा, सायबर क्राइमच्या सरकारी पोर्टलवर तक्रार नोंदवा, ठाणं नंतर. पैसे गोठवण्याची खरी संधी पहिल्या तासा-दोन तासांतच असते.

नागपुरात आल्यावर वाटलं, आपलं गाव, आपली माणसं. ठाण्यात साहेब म्हणाले, "घटना कोलकात्यात घडली, आम्ही काय करणार?" तिकडचे म्हणतात नागपूर, इकडचे म्हणतात कोलकाता. मी वाचून गेले होते. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कलम 173 आहे, गुन्हा कुठल्याही हद्दीत घडला तरी कुठल्याही ठाण्यात माहिती नोंदवता येते, झिरो एफआयआर म्हणतात तो हाच. हे बोलले तर साहेबांनी वर बघून विचारलं, "वकील आहात का?" मग म्हणाले, "ताई, इथे लोकांचे अठ्ठावीस लाख जातात, तुम्ही अठ्ठावीस हजाराचं घेऊन बसल्या." अठ्ठावीस हजार म्हणजे आमच्या घरात महिन्याचा किराणा, दोन पोरांच्या शाळेची फी आणि सासूबाईंची औषधं आहेत. लाख गेलेला माणूस तेवढा फसलेला आणि आम्ही कोण? पुढे अर्ज ठेवून घेतला, पोच दिली नाही. पोच मागितली तर उद्या या. मग हिवाळी अधिवेशनाचा बंदोबस्त लागला, आता अधिवेशन संपल्यावर या. दरवर्षी डिसेंबरात अधिवेशन नागपुरात होतं हे काय अचानक कळलं का?

बँक त्याहून वरताण. काउंटरवरच्या बाईंनी शांतपणे सांगितलं, पिन तुम्ही स्वतः टाकला, जबाबदारी तुमची. रिझर्व्ह बँकेचं 6 जुलै 2017 चं परिपत्रक ग्राहकाच्या नकळत झालेल्या व्यवहारांसाठी आहे, हे मला मान्य. पण ज्या खात्यात पैसे गेले ते खातं कुठल्या तरी बँकेनेच उघडलं ना? कुणाचा तरी आधार, कुणाचा तरी फोटो, केवायसी झालीच असेल. मला नॉमिनीच्या सहीतला एक काना चुकला म्हणून परत पाठवणारी हीच बँकांची जमात, चोराचं खातं उघडताना कुठे असते? याचं उत्तर मला अजून कोणी दिलेलं नाही.

28,386 पैकी 3,640 रुपये तिसऱ्या खात्यात अडकवून ठेवलेत असं कळलं. ते सोडवायला कोर्टाचा आदेश आणा म्हणाले. वकिलाची फी त्याहून जास्त आहे. तरी मी अर्ज करणार आहे.

सासूबाईंचं दर्शन मात्र झालं, आणि ते किती सोपं होतं हे लिहायलाच हवं. 2021 पासून मेट्रो थेट दक्षिणेश्वरपर्यंत जाते. स्टेशनला सरकते जिने आणि लिफ्ट आहे, मंदिर जवळच. मंदिराच्या घाटावरून बेलूर मठाला बोटी जातात, खिडकीवर तिकीट, किरकोळ पैसे. दुपारची बंद वेळ टाळून जा. बोटीत चढताना आईंना दोघांनी धरावं लागलं, एवढंच. नदीवरच्या कुठल्याही सफरीचं तिकीट शक्यतो जेट्टीच्या खिडकीवरच घ्या. आधी हवंच असेल तर हॉटेलच्या माणसाला विचारा, अशी बोट खरंच सुटते का. आम्ही ते बोट न मिळाल्यावर विचारलं, त्याने नाव ऐकताच मान हलवली.

काल पुन्हा शोधून पाहिलं. साइटचं नाव बदललंय. फोटो तेच, बेलूर मठाची वेळ तीच, दुपारी 1 वाजता. भाव 1,499 वरून 1,699 झालाय आणि खाली लाल अक्षरांत लिहिलंय, 25 डिसेंबरसाठी फक्त 7 जागा शिल्लक. जाहिरातीवर तक्रारीचं बटण असतं, मी ते दाबलंय. तुम्हाला दिसली तर तुम्हीही दाबा.