सेंट हेलेन्सची उपग्रह-चित्रमाला: राखेतून उगवणारी हिरवळ

अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातील माउंट सेंट हेलेन्स या ज्वालामुखीचा १८ मे १९८० रोजी उद्रेक झाला. त्याची उत्तरेकडील बाजू कोसळली, शिखराची उंची सुमारे ४०० मीटरने घटली आणि ५७ माणसे दगावली. या उद्रेकाची आणि त्यानंतर सावरत गेलेल्या भूभागाची लँडसॅट उपग्रहांनी टिपलेली चित्रे नासाच्या ‘अर्थ ऑब्झर्व्हेटरी’ या संकेतस्थळाने क्रमाने मांडली असून ती विनामूल्य पाहता येतात.

सुरुवातीच्या चित्रांत झाडी लाल दिसते, कारण पाने जोरकसपणे परावर्तित करतात तो, डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश तिथे लाल रंगाने दाखवलेला आहे. तळटीप न वाचता पाहणाऱ्याला तो लाव्हाच वाटायचा. नंतरची चित्रे नैसर्गिक रंगांच्या जवळ जातात, त्यामुळे मालिकेच्या दोन टोकांची थेट तुलना करणे अवघड होते, हा माझ्या मते यातला खरा उणेपणा आहे.

मला सर्वाधिक गुंतवून ठेवले ते स्पिरिट लेक या जवळच्या सरोवराने. स्फोटाने उन्मळून सरोवरात पडलेल्या झाडांचे ओंडके अजूनही पृष्ठभागावर तरंगत असून, वाऱ्यासरशी त्यांचा करडा तवंग एका चित्रात या काठाला, तर दुसऱ्यात त्या काठाला लागलेला दिसतो. विवराच्या उत्तरेकडील राखाडी पट्ट्यावर मात्र हिरवळ फारच सावकाश, आधी ओढ्यांच्या कडेने सरकते. नंतरच्या चित्रांतही एक पिक्सेल, म्हणजे चित्राचा सर्वांत लहान ठिपका, साधारण ३० मीटरचा असल्याने एकेकटे झाड शोधू नये. भूगोलाच्या शिक्षकांनी ही मालिका वर्गात जरूर दाखवावी.