डिप्रेशन आणि स्किझोफ्रेनिया : स्कॅनमध्ये फरक कुठे दिसतो?

एमआरआयची फिल्म उजेडासमोर धरून ‘हे बघा डिप्रेशन’ असं कुठलाही डॉक्टर म्हणू शकत नाही. मेंदूतला आठवणींशी निगडित भाग, म्हणजे हिप्पोकॅम्पस, डिप्रेशनमध्ये सरासरीने लहान दिसतो खरा, पण किती? २०१६ च्या ‘एनिग्मा’ या आंतरराष्ट्रीय अभ्यासात १,७२८ रुग्णांची निरोगी लोकांशी तुलना केली, तर फरक जेमतेम सव्वा टक्का! तोही मुख्यतः ज्यांचा आजार पुन्हा पुन्हा उलटतो त्यांच्यात.

स्किझोफ्रेनियात हाच भाग जास्त आक्रसलेला आढळतो, शिवाय मेंदूतल्या पाण्याच्या पोकळ्या रुंदावलेल्या. त्या तर १९७६ मध्येच लंडनच्या नॉर्थविक पार्क रुग्णालयात सीटी स्कॅनवर दिसल्या होत्या, अवघ्या १७ रुग्णांत.

एकट्यादुकट्याच्या फिल्मवरून निदान मात्र दोन्हीकडे नाहीच. एमआरआय सांगतात तो बहुधा गाठबिठ नाही ना, हे बघायला.