माळ्यावरचा पीसी आठ महिने सर्व्हर म्हणून वापरला, त्याचा अनुभव

2009 चा डेस्कटॉप. कोअर 2 ड्युओ प्रोसेसर, 4 जीबी रॅम. भंगारवाला त्याचे साडेतीनशे देत होता, तेवढ्यात काय द्यायचा म्हणून मार्चमध्ये माळ्यावरून उतरवला. डेबियन 12 (लिनक्सचा एक प्रकार) टाकलं, मॉनिटर काढून टाकला आणि टीव्हीच्या कपाटामागे राउटरशेजारी उभा केला. घरातल्या सगळ्यांना नेटवर्कवरून फाइली मिळाव्यात म्हणून सांबा, प्रिंटिंगसाठी कप्स, असे दोन प्रोग्रॅम. एक अख्खा रविवार गेला.

खरं सांगायचं तर हा उद्योग फोटो साठवण्यासाठी केला होता. घरात टिकला तो प्रिंटरमुळे.

आमचा लेझर प्रिंटर जुना, फक्त यूएसबीचा. आधी एक पान काढायचं तरी लॅपटॉप त्याच्यापाशी न्या, केबल शोधा, नाहीतर सरळ नाक्यावरचं झेरॉक्सचं दुकान गाठा. आता सर्व्हरवर अवाही (प्रिंटरची नेटवर्कवर दवंडी पिटणारा प्रोग्रॅम) चालू असल्यामुळे घरातल्या अँड्रॉइड आणि आयफोन दोन्हींना प्रिंटर आपोआप दिसतो, वेगळं अ‍ॅप लागत नाही. मुलीच्या शाळेची मराठीतली वर्कशीटं फोनवरूनच निघतात आणि जोडाक्षरं तुटत नाहीत. सकाळी पावणेसातला, रिक्षा खाली हॉर्न देत असताना पान हातात येणं काय असतं, ते पालकांना सांगायला नको.

सुरुवातीला मात्र शिव्या खाल्ल्या. या प्रिंटरच्या पोटात स्वतःचं फर्मवेअर (त्याला चालवणारा प्रोग्रॅम) राहत नाही. चालू केला की दर वेळी संगणकाने ते भरवावं लागतं. त्यासाठीचं प्लगिन टाकायचं मी विसरलो होतो. दोन आठवडे पानं रांगेत अडकायची आणि बाबा म्हणायचे, "अरे, तुझ्या सर्व्हरपेक्षा तो झेरॉक्सवाला लवकर देतो."

बाबा सोसायटीचे सेक्रेटरी. फाइलला नाव देताना ते अख्खा विषय लिहितात. एकदा "संस्थेच्या वार्षिक सर्वसाधारण सभेची सूचना, मागील सभेचे इतिवृत्त व हिशोबपत्रके सर्व सभासदांच्या माहितीसाठी" ही फाइल काही केल्या सर्व्हरवर जाईना. त्यांच्या विंडोजवर तीच फाइल सुखात नांदत होती. मी परवानग्या तपासल्या, सांबा दोनदा रीस्टार्ट केलं. भानगड नावातच होती. विंडोज नावाची अक्षरं मोजतं, लिनक्सची एक्स्ट4 ही डिस्कवर फाइली मांडायची पद्धत बाइट मोजते आणि 255 ला थांबते. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट खातं, काना-मात्रा-वेलांटीसकट. म्हणजे जेमतेम 85 चिन्हं. इंग्रजीत नावं देणाऱ्याला हे जन्मात कळणार नाही. बाबांना "छोटं नाव द्या" म्हटलं, तर त्यांनी फक्त "सर्व सभासदांच्या माहितीसाठी" तेवढं उडवलं. पण भागलं.

पासवर्डशिवायचं फोल्डर ठेवायचा आळस मीही केला होता. बायकोच्या नव्या लॅपटॉपवर विंडोज 11 प्रो, 24एच2 ही आवृत्ती. त्याने ते उघडायला साफ नकार दिला. शेवटी प्रत्येकाला स्वतंत्र नाव-पासवर्ड दिला. पहिल्या दिवशीच द्यायला हवा होता.

वेगाबद्दल फार बोलण्यासारखं नाही. राउटरचे पोर्ट 100 एमबीपीएसचे (म्हणजे मेगाबिट, आठ बिटांचा एक बाइट), त्यामुळे सेकंदाला 11 एमबीच्या वर काही जात नाही. 40 जीबी फोटो चढवायला तासभर लागला.

वीज हा खरा मुद्दा. प्लगला मीटर लावून पाहिलं, नुसता बसून 52 वॅट. चोवीस तास चालू ठेवला तर महिन्याला 37 युनिट. आता सर्व्हर रात्री 11 ला झोपतो आणि पहाटे 6 ला आपला आपण उठतो, हिशोब साडेसव्वीसवर आला. एखादा छोटा, एकाच बोर्डावरचा संगणक घेतला असता तर याच्या पावपटीत भागलं असतं, हे मान्य.

जूनमध्ये एका गुरुवारी दुरुस्तीसाठी दिवसभर वीज बंद होती. संध्याकाळी आली, सर्व्हर काही उठला नाही. "वीज आली की चालू हो" ही सेटिंग मी बायोसमध्ये (पीसी सुरू होताना आधी चालणारा प्रोग्रॅम) केलेली, पण त्या सेटिंग आणि घड्याळ जपणारा मदरबोर्डवरचा सेल मेलेला, त्यामुळे ती सेटिंगच पुसली गेली. बटण दाबून सुरू केला, तर एफ1 दाबा म्हणून आत अडून बसला. कीबोर्ड कुठे होता लावलेला? वर तारीख 2009 ला परतलेली. सीआर2032 हा नाण्याएवढा सेल बदलला आणि सगळं सुरळीत.

जुना पीसी असा वापरणार असाल तर हा सेल आधी बदला, आणि डिस्कवर विश्वास ठेवू नका. माझ्या 500 जीबीच्या डिस्कचे रिअ‍ॅलोकेटेड सेक्टर (खराब झाल्याने डिस्कने बाद केलेले भाग) मार्चमध्ये शून्य होते, परवा पाहिले तर 16. फोटोंची दुसरी प्रत बाहेरच्या डिस्कवर दर रविवारी घेतोय. नवीन एसएसडी पुढच्या पगाराला.