आयव्हीएफ अपयशी ठरल्यानंतरचा सल्ला : बेळगावातील एका उपचार केंद्राविषयी अभिप्राय

बेळगाव शहरातील एका खासगी वंध्यत्व उपचार केंद्रात, दुसरीकडे आयव्हीएफ (स्त्रीबीज प्रयोगशाळेत फळवून तयार झालेले भ्रूण गर्भाशयात सोडण्याचा उपचार) करून गर्भ न राहिलेल्या जोडप्यांना जुनी कागदपत्रे तपासून घेण्यासाठी स्वतंत्र वेळ दिली जाते. हा अभिप्राय केवळ त्या सेवेचा आहे. विषय खासगी असल्यामुळे केंद्राचे आणि डॉक्टरांचे नाव मी लिहीत नाही. आम्ही खानापूर तालुक्यातले. आधीचे उपचार आम्ही दुसऱ्या शहरात घेतले होते आणि तिथे रिपोर्ट निगेटिव्ह आल्यावर ‘भ्रूण रुजले नाही, पुढच्या पाळीला पुन्हा करू’ यापलीकडे काही सांगण्यात आले नव्हते. ज्या उपचारासाठी माणसे दागिने गहाण ठेवतात, त्याच्या अपयशाचे स्पष्टीकरण एका वाक्यात आटोपणे मला आजही अन्यायाचे वाटते.

येथील डॉक्टरांनी पहिल्या भेटीत सोनोग्राफीच्या टेबलावर बोलावण्याआधी आमच्याकडे प्रयोगशाळेची नोंद मागितली : स्त्रीबीजे किती निघाली, त्यांतली परिपक्व किती होती, किती फळली आणि पाचव्या दिवसापर्यंत किती भ्रूणे वाढली. आमच्याजवळ ती नोंद नव्हती. ती मिळवण्याचा रुग्णाला हक्क आहे हे सांगून त्यांनी जुन्या केंद्राला द्यायच्या अर्जाचा मसुदा लिहून दिला. नोंद हाती आल्यानंतरच्या भेटीत त्यांनी जे समजावले, ते खरे तर प्रत्येक जोडप्याला उपचार सुरू होण्यापूर्वीच कळायला हवे. परिपक्व स्त्रीबीजांपैकी साधारण साठ ते सत्तर टक्के फळतात आणि फळलेल्यांपैकी जेमतेम निम्मी पाचव्या दिवसाच्या ब्लास्टोसिस्ट अवस्थेला पोहोचतात. म्हणजे दहा चांगली बीजे निघाली तरी शेवटी हाती तीन भ्रूणे उरणे ही सामान्य गोष्ट आहे, आणि सूक्ष्मदर्शकाखाली सुबक दिसणाऱ्या त्या तिघांतही गुणसूत्रांची संख्या चुकलेले एखादे असू शकते. असे भ्रूण बहुधा रुजतच नाही, किंवा रुजून काही आठवड्यांत गळून जाते. स्त्रीचे वय पस्तिशीपुढे जाते तसे या चुकीच्या गुणसूत्रांचे प्रमाण वाढते आणि चाळिशीनंतर बहुसंख्य भ्रूणांत ती आढळतात.

आमच्या भागात एएमएच या रक्ततपासणीच्या रिपोर्टवर फार भिस्त ठेवली जाते. ‘एएमएच चांगला आहे, मग गर्भ का राहत नाही?’ हा प्रश्न मी प्रतीक्षाकक्षात अनेकींच्या तोंडून ऐकला. डॉक्टरांचे उत्तर सरळ होते. त्या तपासणीतून बीजांच्या शिल्लक साठ्याचा अंदाज येतो, बीजांची प्रत कळत नाही. प्रत मुख्यतः वयावर अवलंबून असते. वय कमी असून, भ्रूण उत्तम असून आणि गर्भाशय निरोगी असूनही एका वेळच्या प्रत्यारोपणात, म्हणजे भ्रूण गर्भाशयात सोडल्यावर, गर्भ न राहण्याची शक्यता जवळपास निम्मी असते, हेही त्यांनी आडपडदा न ठेवता सांगितले. कारण सापडेलच अशी हमी त्यांनी दिली नाही आणि आमच्यासाठी यशाची टक्केवारी सांगण्याचेही टाळले. मला तो प्रामाणिकपणा मोलाचा वाटला.

आमच्या बाबतीत मात्र कारणाचा एक धागा सापडला. गर्भनलिकांच्या एक्स-रे तपासणीची जुनी फिल्म आम्ही सोबत नेली होती. तिचा लेखी अहवाल दोनच ओळींचा होता. डॉक्टरांनी अहवाल बाजूला ठेवून फिल्मच उजेडात धरली आणि एका बाजूची नलिका टोकाशी फुगलेली असल्याचे दाखवले. पुढे सोनोग्राफीतही त्या नलिकेत पाणी साचलेले दिसले. आयव्हीएफमध्ये बीज थेट अंडाशयातून काढले जाते, मग नलिका बंद असली तरी काय बिघडले, असे आम्ही समजत होतो, आणि आधीच्या ठिकाणीही तसेच सांगितले गेले होते. नुसती बंद नलिका आणि पाणी साचलेली नलिका यांत मोठा फरक आहे. ते पाणी गर्भाशयात झिरपते, अस्तरापाशी आलेल्या भ्रूणाला अपायकारक ठरते, आणि त्यामुळे आयव्हीएफचे यश साधारण निम्म्यावर येते. म्हणून प्रत्यारोपणाआधी दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेने अशी नलिका काढून टाकणे किंवा गर्भाशयाजवळ बंद करणे ही मान्य पद्धत आहे. नलिका खराब होण्यामागे बहुधा जुना जंतुसंसर्ग असतो किंवा आपल्या देशात पुष्कळदा क्षयरोग असतो. जननमार्गाचा क्षय खोकला-ताप न देता वर्षानुवर्षे मुकाट्याने नलिका आणि गर्भाशयाचे अस्तर खराब करू शकतो, म्हणून त्यांनी त्या दृष्टीनेही तपासणी करून घेतली. अस्तराची जाडी, आत वाढलेला पॉलिप (अस्तराचा मांसल कोंब) किंवा गर्भाशयाच्या पोकळीत शिरलेली फायब्रॉइडची गाठ, थायरॉइड आणि साखर यांची तपासणी त्याच ओघात झाली. त्यांत काही निघाले नाही.

यजमानांची तपासणी नव्याने करण्याचा आग्रह डॉक्टरांनी धरला, आणि या केंद्राची सर्वांत चांगली बाब मी हीच मानते. आपल्याकडे गर्भ राहिला नाही की सगळ्या नजरा सुनेकडे वळतात. प्रत्यक्षात वंध्यत्वाच्या कारणांत पुरुषाचा वाटा जवळजवळ निम्म्या जोडप्यांत असतो. शुक्रजंतूंची संख्या आणि हालचाल रिपोर्टमध्ये ठीक दिसली, तरी त्यांच्या आतील डीएनए तुटलेला असू शकतो, आणि त्याचा परिणाम भ्रूणाच्या वाढीवर किंवा पुढे गर्भ टिकण्यावर होऊ शकतो. तंबाखू, गुटखा, विडी, अंडकोषातील फुगलेल्या शिरा आणि सततची उष्णता ही त्याची ओळखीची कारणे. निपाणी-चिकोडी पट्टा तंबाखूचा. तिकडून आलेल्या पुरुषांना हे ऐकवताना समुपदेशकांचा सूर दटावण्याचा नव्हता, हे मी मुद्दाम नोंदवते. नवे शुक्रजंतू तयार व्हायला सुमारे अडीच महिने लागतात. व्यसन सोडून आठवडाभरात रिपोर्ट बदलेल अशी आशा कोणी धरू नये, किमान तीन महिने द्यावेत, असे त्यांनी सांगितले.

दुसऱ्या एका ठिकाणी आम्हाला गर्भाशयाच्या अस्तराला ओरखडा देण्याची प्रक्रिया, पीआरपी (रुग्णाच्याच रक्तातून काढलेला प्लेटलेट्सचा द्राव) आणि प्रतिकारशक्तीची महागडी इंजेक्शने सुचवण्यात आली होती. येथील डॉक्टरांनी आमच्यासाठी तिन्ही नाकारली. ओरखड्याच्या प्रक्रियेने बाळ होण्याचे प्रमाण वाढत नाही, हे २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत दिसून आले आहे, आणि बाकीच्या दोहोंचा सर्वांना उपयोग होतो असा भक्कम पुरावा नाही, असे त्यांनी सांगितले. रुग्णाच्या हतबलतेवर बिल न वाढवणारा डॉक्टर भेटणे ही मोठी गोष्ट आहे.

गावाकडून येणाऱ्यांच्या अडचणींची जाण येथे आहे. बीज परिपक्व करणारे शेवटचे इंजेक्शन ठरलेल्या मिनिटालाच द्यावे लागते, कारण बीज काढण्याची प्रक्रिया त्यानंतर ३४ ते ३६ तासांत व्हायला हवी. वेळ चुकली तर बीजे अपरिपक्व निघतात किंवा आधीच अंडाशयातून बाहेर पडून जातात. कणकुंबी-जांबोटीकडे पावसाळ्यात वीज गेली की लवकर येत नाही, आणि अनेक इंजेक्शने २ ते ८ अंश तापमानात ठेवावी लागतात. म्हणून अशा रुग्णांची औषधे केंद्रातल्या फ्रिजमध्ये ठेवतात, दोन-तीन दिवसांपुरतीच बर्फाच्या पिशवीत बांधून देतात आणि बर्फाला थेट चिकटून औषध गोठू देऊ नका, हेही बजावतात. प्रत्यारोपणानंतर खानापूरच्या खड्ड्यांतून प्रवास केल्याने भ्रूण निसटते, या भीतीने कित्येक बायका बेळगावात खोली घेऊन अंथरुणाला खिळून राहतात. प्रवासाने किंवा चालण्याने भ्रूण पडत नाही आणि सक्तीच्या विश्रांतीचा काही लाभ नाही, हे समुपदेशक प्रत्येकीच्या सासूला समोर बसवून सांगतात. ‘तू जिना चढलीस म्हणूनच झालं’ हा आरोप त्यामुळे किती घरांत टळला असेल! प्रोजेस्टेरॉन या गर्भ टिकवणाऱ्या संप्रेरकाच्या गोळ्या किंवा इंजेक्शने मात्र चुकवायची नाहीत.

उणिवा आहेत, आणि त्याही स्पष्ट लिहायला हव्यात. समुपदेशन मराठीत उत्तम होते, परंतु संमतीपत्र इंग्रजी व कन्नडमध्येच आहे. चंदगड-खानापूरहून येणाऱ्या इतक्या मराठी रुग्णांसाठी मराठी प्रत छापणे अवघड नाही. भेटीचा लेखी सारांशही इंग्रजीतच मिळतो. दिलेली वेळ पाळली जात नाही, आणि शेवटच्या बसने परतणाऱ्यांचे त्यात हाल होतात. पुरुषांसाठीची नमुना देण्याची खोली गजबजलेल्या मार्गिकेला लागून आहे. त्या संकोचाचा विचार व्हायला हवा. सल्ल्याचे शुल्क मला वाजवी वाटले, मात्र बहुतेक विमा योजनांत वंध्यत्वाच्या उपचाराचा खर्च बसत नाही, हे धरूनच घरचा हिशेब मांडावा.

माझी नलिकेची शस्त्रक्रिया झाली आहे आणि पुढचे प्रत्यारोपण व्हायचे आहे, त्यामुळे या अभिप्रायात यशाची कहाणी कोणी शोधू नये. २०२१ च्या सहायक प्रजनन तंत्रज्ञान कायद्यानुसार अशा केंद्रांना नोंदणी बंधनकारक आहे. कुठेही गेलात तरी ते प्रमाणपत्र पाहायला मागा. या सल्ल्यासाठी जाताना प्रयोगशाळेची नोंद, नलिकांच्या तपासणीची मूळ फिल्म, दोघांचेही रिपोर्ट आणि दिलेल्या औषधांचे डोस व तारखा सोबत न्याव्यात, आणि पहिल्याच भेटीला पतीने हजर राहावे.