ईएसआयसीचा अपंगत्व लाभ: रक्कम चोख, भांडण टक्क्यांचं

विमा म्हणून ईएसआयसीचा (कर्मचारी राज्य विमा महामंडळाचा) अपंगत्व लाभ उत्तम आहे, सेवा म्हणून जेमतेम. पगारातून पाऊण टक्का कापला जातो, मालक सव्वातीन टक्के भरतो. त्या बदल्यात कामावरच्या दुखापतीला जे संरक्षण मिळतं, ते एवढ्या पैशात बाहेर मिळणं कठीण. पण ते पदरात पाडून घेताना कामगाराला सगळं स्वतःच माहीत असावं लागतं. शाखा कार्यालयाच्या खिडकीवर विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर मिळतं, न विचारलेल्याचं नाही.

आधी मिळतं काय ते पाहू. बरं होईपर्यंत तात्पुरत्या अपंगत्वाचा लाभ: सरासरी रोजाच्या ९० टक्के. अपघाताचा दिवस सोडून किमान ३ दिवस कामाला असमर्थ असायला हवं, एवढीच मुदतीची अट. वरची मर्यादा नाही, आणि आजारलाभाला लागते तशी ७८ दिवसांच्या वर्गणीची अटही नाही. रुजू झाल्याच्या पहिल्याच दिवशी हात यंत्रात गेला तरी हक्क आहे. २१,००० रुपयांची पगारमर्यादा (अपंग कर्मचाऱ्यांना २५,०००) वर्गणीच्या सहामाहीच्या मध्येच ओलांडली, तर ३० सप्टेंबर किंवा ३१ मार्चपर्यंत संरक्षण चालू राहतं. पगारवाढीनंतर लगेच अपघात झालेल्यांना 'तू आता ईएसआयसीत नाहीस' असं सांगून परत पाठवतात, तेव्हा आधी तारीख तपासावी.

जखम भरल्यावर जे व्यंग उरतं त्याचा लाभ कायमचा, म्हणजे हयातभर. इथे कमाईची क्षमता किती टक्के गेली ते ठरतं आणि त्या प्रमाणात दर बसतो. कोणत्या दुखापतीला किती टक्के, याचा तक्ता कायद्याच्या परिशिष्टात आहे; उजवी तर्जनी पूर्ण गेली तर त्यात १४ टक्के आहेत. सरासरी रोज ६०० रुपये असेल तर त्याचे ९० टक्के ५४०, आणि ५४० चे १४ टक्के ७५ रुपये ६० पैसे रोज. महिन्याला साधारण २,२६८. अंगठा पूर्ण गेला तर ३० टक्के, अंगठ्याचं शेवटचं पेर २०, मधलं बोट १२, अनामिका किंवा करंगळी प्रत्येकी ७, एका हाताची चारही बोटं ५०. दुसरा डोळा शाबूत असताना एक डोळा गेला तर ४०. हा लाभ नोकरी चालू ठेवूनही मिळतो. तात्पुरता लाभ मात्र पगार घेतलेल्या दिवसाचा मिळत नाही. या दोन नियमांची गल्लत होते आणि कामावर परतलेले लोक कायमचा क्लेम टाकतच नाहीत.

आता कागद. या सेवेचा सगळ्यात कच्चा दुवा इथे आहे आणि तो महामंडळाच्या नव्हे, मालकाच्या हातात आहे. अपघात नोंदवहीत नोंद, आणि २४ तासांच्या आत फॉर्म १२ मध्ये अपघात अहवाल; गंभीर दुखापत असेल तर ताबडतोब. अहवाल ऑनलाइन भरला जातो, म्हणून कामगाराने छापील प्रत मागून घ्यावी आणि त्यातली वेळ, पाळी, यंत्राचं नाव वाचून पाहावं. अहवाल गेलाच नाही तर अपघाताची लेखी सूचना स्वतः मालकाला द्यावी, शाखा कार्यालयाला एक प्रत द्यावी आणि पोच घ्यावी.

त्याहून घातक चूक दवाखान्यात होते. रक्त वाहत असताना जवळच्या खासगी रुग्णालयात नेतात, सोबतचा सुपरवायझर सांगतो 'घरी पडला', आणि केस पेपरवर तेच उतरतं. पुढे कितीही अर्ज करा, पहिल्या केस पेपरवरची ती ओळ पाठ सोडत नाही. जखमी माणूस शुद्धीवर असेल तर डॉक्टरला स्वतःच्या तोंडाने सांगावं: कुठल्या कारखान्यात, कुठल्या यंत्रावर, किती वाजता. बोलता येत नसेल तर हे काम नातेवाइकाने करावं, ठेकेदाराच्या माणसाने नव्हे.

ठेकेदाराकडच्या कामगारांची आणखी एक अडचण असते. विमा क्रमांकच अपघातानंतर काढलेला असतो. नोंदणीची तारीख आणि अपघाताची तारीख चिकटून आली की चौकशी लागते, आणि लागायलाच हवी. पण मालकाने वर्गणी भरली नाही म्हणून कामगाराचा हक्क बुडत नाही. महामंडळ लाभ देऊन मालकाकडून वसूल करू शकतं. त्यासाठी आधी कामावर होतो हे दाखवावं लागतं: हजेरी मस्टर, गेटपास, बँकेत जमा झालेला पगार, सहकाऱ्यांचे जबाब.

कामावर येता-जाता झालेला अपघातही २०१० च्या दुरुस्तीपासून धरला जातो. मात्र वेळ, जागा आणि नोकरी यांचा संबंध जोडून दाखवायचा असतो. पोलिसांकडची नोंद, पाळीची वेळ आणि नेहमीचा रस्ता जुळले तर अडचण येत नाही. वाटेत दुसऱ्या कामाला वळल्याचं दिसलं की क्लेम अडतो.

उपचार चालू असताना पहिला, मधले आणि अखेरचा असे दाखले विमा वैद्यकीय अधिकारी देतो. दाखल्यांमध्ये जितके दिवस खंड पडेल, तितक्या दिवसांचे पैसे अडकतात. खासगी डॉक्टरचा दाखला आपोआप चालत नाही. पर्यायी पुरावा म्हणून तो द्यावा लागतो आणि मान्य करणं कार्यालयाच्या हाती असतं. अपघात 'कामावरचा' म्हणून मान्य होण्यास वेळ लागत असेल, तर वर्गणीची अट पुरी करणाऱ्याने तोवर आजारलाभ मागावा. तो ७० टक्केच असतो आणि ९१ दिवसांपुरता, पण चूल पेटती राहते.

अखेरचा दाखला हातात आला की मेडिकल बोर्डासाठी, म्हणजे कायमच्या व्यंगाचे टक्के ठरवणाऱ्या डॉक्टरांच्या मंडळासाठी, अर्ज करायचा. कार्यालय आपणहून बोलावेल म्हणून थांबू नये. क्लेम देय झाल्यापासून १२ महिन्यांच्या आत मागणी केली नाही तर पुढे उशिराचं सबळ कारण न्यायालयाला पटवून द्यावं लागतं.

बोर्डासमोरची वेळ फार थोडी असते आणि इथेच बहुतेक टक्के हरवतात. बोट तुटलं असेल तर परिशिष्ट बोलतं, वाद फारसा नसतो. पण बोट शाबूत आहे आणि वळतच नाही, शीर कापल्याने संवेदना गेली, मणका दबला, अशा दुखापतींत टक्के बोर्डाच्या अंदाजाने ठरतात. एखादा अवयव कायमचा आणि पूर्णपणे निकामी झाला तर तो गेल्यासारखाच धरायचा, अशी टीप परिशिष्टाखाली आहे. ताठ झालेल्या बोटाला ४-५ टक्के देऊन बोळवण होत असेल तर हीच टीप अर्जात उतरवावी. सोबत हाडांच्या डॉक्टरकडून प्रत्येक सांधा किती अंशांत वळतो आणि मुठीची पकड किती, याचं मोजमाप घ्यावं. 'हात दुखतो' या वाक्याला बोर्डापुढे किंमत नाही, अंशांना आहे. ऑपरेशनआधीचे आणि नंतरचे असे दोन्ही एक्स-रे न्यावेत.

दुसरा गैरसमज: 'मी प्रेस चालवू शकत नाही' एवढं पुरतं असं वाटतं. कायमच्या आंशिक अपंगत्वात कसोटी वेगळी आहे. अपघाताच्या वेळी जी जी कामं तुम्ही करू शकत होता, त्या सगळ्यांतली क्षमता किती घटली ते पाहतात. म्हणून निवेदनात फक्त आपलं यंत्र लिहू नये. वजन उचलणं, पॅकिंग, वाहन चालवणं, लिहिणं यांपैकी काय अडतं ते लिहावं. यूडीआयडी कार्डावरचे (सरकारी अपंगत्व ओळखपत्रावरचे) टक्के दाखवून बोर्डाशी वाद घालू नये. ते मोजमाप वेगळ्या कायद्याचं आहे.

निकाल पटला नाही तर मेडिकल अपील ट्रिब्यूनलकडे किंवा थेट कर्मचारी विमा न्यायालयात जाता येतं. ट्रिब्यूनलच्या निकालावरही या न्यायालयात अपील होतं. मुदत निर्णय कळल्यापासून ३ महिने; उशिराला सबळ कारण असेल तर अपील घेतात, पण त्या भरवशावर राहू नये. निर्णयाच्या पत्रावरची तारीख आणि ते हाती पडल्याची तारीख वेगळी असते, म्हणून पाकीट जपून ठेवावं. वकील केलाच पाहिजे असं नाही. नोंदणीकृत युनियनचा पदाधिकारी बाजू मांडू शकतो, आणि जुन्या औद्योगिक पट्ट्यांतले काही पदाधिकारी या विषयात नवख्या वकिलापेक्षा तयार असतात. उच्च न्यायालयात मात्र ६० दिवसांत आणि कायद्याच्या महत्त्वाच्या प्रश्नावरच जाता येतं. टक्के कमी पडले हा तिथला मुद्दा नव्हे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाल्याने १९४८ च्या कर्मचारी राज्य विमा कायद्यातले कलमांचे क्रमांक बदलले आहेत. जुना नमुना उतरवून काढण्याआधी हे पाहावं.

सगळ्यात महागात पडणारी गोष्ट मात्र एका सहीत असते. रोजचा दर अगदी लहान बसला तर त्याऐवजी एकरकमी पैसे घेता येतात. बोर्डाच्या टक्क्यांवर आधारून ही रक्कम मागितली आणि उचलली, की त्या टक्क्यांवर अपील करता येत नाही. टक्के कमी वाटत असतील तर आधी अपील, मग एकरकमीचा विचार. 'दोन्हीकडून मिळवून देतो' म्हणणाऱ्या दलालांपासूनही लांब राहावं: विमाधारक कामगाराला त्याच दुखापतीसाठी मालकाकडून नुकसानभरपाई म्हणून वेगळे पैसे मागता येत नाहीत.

गुण द्यायचे तर लाभाच्या रचनेला पाचपैकी साडेचार. एकदा सुरू झालेली रक्कम थेट खात्यात येते, महागाईनुसार वेळोवेळी दर वाढतात, हयातीचा दाखला दिला की काम भागतं. अपंगत्वामुळे नोकरी सुटली तर वर्षाला १२० रुपये भरून स्वतःला आणि जोडीदाराला उपचार चालू ठेवता येतात; खिडकीवर हे कुणी आपणहून सांगत नाही. माहिती देण्याला दीड. बोर्डाला अडीच, कारण तोच तक्ता हाती असूनही परिशिष्टाबाहेरच्या दुखापतींचं मोजमाप बोर्डागणिक बदलतं. शिवाय निकालात कारणं त्रोटक असली की अपिलात नेमकं काय खोडायचं तेच कळत नाही.

दुखापतीचे परिणाम नंतर अनपेक्षितपणे बळावले तर टक्क्यांचा फेरविचार मागता येतो. ट्रिब्यूनलची परवानगी नसेल तर अंतिम मोजमापानंतर ५ वर्षं आणि तात्पुरत्या मोजमापानंतर ६ महिने थांबावं लागतं. तेव्हा तुलनेला पहिल्या बोर्डाचे कागद लागतात, आणि इतक्या वर्षांनी ते रुग्णालयातून परत मिळवणं सोपं नसतं.